साडूवरचा कुरकुरीत सूड

४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.२०

आज दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, धाकट्या मेहुणीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर माझा अपमान झाला. साक्षीदार तीन. घटना ताजी आहे तोवर लिहून ठेवतो. मी लिफ्ट-इन्स्पेक्टर आहे आणि रिपोर्ट जागेवर लिहायची मला सवय आहे. म्हणूनच सव्वीस वर्षांत मी पास केलेल्या एकाही लिफ्टने कुणाला दगा दिलेला नाही.

घटना अशी. मेहुणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, दातांचा डॉक्टर. हल्ली घरी स्वयंपाक करतो. का करतो, त्याचं त्याला माहीत. आज त्याने बिअरच्या बॅटरमध्ये बुडवून कांद्याच्या रिंगा तळल्या. ताट टेबलावर असं दणकन ठेवलं की दोन रिंगा उडून सासूबाईंच्या मांडीवर. दिखाऊपणा, दुसरं काय!

सगळ्यांनी एकेक उचलली. कुर्रर्र. सासूबाईंच्या कवळीतूनसुद्धा कुर्रर्र. मी दोन खाल्ल्या (नोंदीपुरतं: सात) आणि जाणकार म्हणून एवढंच म्हणालो की आवरण जरा जाड वाटतंय, मी केलं असतं तर पातळ ठेवलं असतं. त्यावर तो म्हणाला, साडूबुवांच्या हातचं खायचं म्हणजे लिफ्ट थेट वर, मधल्या मजल्यावर थांबायचं नाव नाही.

मेहुणी हसली तर हसो, नवरा आहे तिचा. सासूबाई हसल्या, त्यांना किती ऐकू आलं हा प्रश्नच आहे. पण ही हसली. आमची ही! पाणी पीत होती, ते नाकातून आलं, तरी हसतच राहिली. मी सेकंद मोजले. अकरा. माझ्या कुठल्याही विनोदावर तिने आजवर तीनच्या पुढे मजल मारलेली नाही.

मी डूख धरणारा माणूस नाही. पण याची जिरवल्याशिवाय राहणार नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार. ऑफिस, लंच ब्रेक

आराखडा तयार. रविवारी १८ तारखेला सगळ्यांना आमच्याकडे जेवायला बोलवायचं. टेबलावर माझ्या रिंगा. त्याच्यापेक्षा पातळ, त्याच्यापेक्षा कुरकुरीत, कंपासने काढल्यासारख्या गोल. तो पहिला घास घेईल. चेहरा खर्रकन उतरेल. मी चकार शब्द काढणार नाही. फक्त मिठाची डबी त्याच्याकडे सरकवीन. बस. त्यातच सगळं आलं.

हिला फोन करून सांगितलं, १८ला बोलावणं कर. तिने विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, कशासाठी म्हणजे, माणसांनी एकमेकांना भेटू नये का? तिने मला तारीख परत सांगायला लावली. मग म्हणाली, अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?

निश्चय: रेसिपी बघायची नाही. रेसिपी बघून काय, कुणीही करेल. आणि या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.

दुपारी ४.००. ग्रीसवाल्याला सगळं सांगितलं. (लिफ्टच्या रुळांना ग्रीस लावतो, माझ्याबरोबर अठरा वर्षं आहे, तो बाहेरचा धरता येत नाही.) तो म्हणाला, साहेब, सोडून द्या. ग्रीस लावणाऱ्याला स्वाभिमान काय कळणार.

७ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७.४५

प्रयोग पहिला.

मैदा, मीठ, बिअर. बिअर दोन दिवस गाडीच्या डिकीत होती, त्यामुळे छान मुरलेली. गुठळी राहायला नको म्हणून इलेक्ट्रिक बीटरने चार मिनिटं घुसळलं. बॅटर इतकं गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. कांदे कापले, बुडवले, तेलात सोडले.

आवरण तेलातच राहिलं. कांदे अंगावरचे कपडे टाकून बाहेर आले.

कारण: बिअर खराब निघाली. शहानिशा करण्यासाठी उरलेली पिऊन बघितली. दुसरी बाटलीही तुलनेसाठी. निष्कर्ष काढायचा राहिला.

ही स्वयंपाकघरात आली, कढईत तरंगणाऱ्या गोष्टींकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, नमुना. तिने टोस्ट करून खाल्ला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.००

रेसिपी बघायची नाही हा निश्चय कायम आहे. पण शत्रूच्या तोंडून काढून घेणं म्हणजे बघणं नव्हे. म्हणून आज दात साफ करून घ्यायच्या निमित्ताने थेट त्याच्या क्लिनिकमध्ये.

त्याने स्वतः काम केलं नाही. त्याच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाईंना पुढे केलं आणि आपण अॅप्रनच्या खिशात हात घालून शेजारी उभा. थोरल्या साडूच्या दातांना हात लावायला याला कमीपणा! तेही लक्षात ठेवलं आहे.

खुर्चीत आडवा होता होता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या रिंगा करता कशा हो तुम्ही? त्याचा चेहरा एकदम खुलला. आणि नेमकं तेव्हाच बाईंनी माझ्या तोंडात थुंकी ओढायची नळी अडकवली.

पुढची बावीस मिनिटं तो बोलत होता. सगळं सांगितलं त्याने, काही म्हणून हातचं राखलं नाही. माझे हात पोटावर, वही खिशात, तोंड सताड उघडं. मध्ये दोन वेळा तो म्हणाला की साडूबुवा, एवढी एक गोष्ट विसरलात तर सगळं पाण्यात. दोन्ही वेळा ड्रिल चालू होतं. मी तिसऱ्यांदा विचारायला म्हणून आँऽऽ केलं, तर बाईंना वाटलं दुखतंय. आणखी एक इंजेक्शन दिलं.

हाती लागलेली माहिती: बर्फ. काहीतरी पातळ पापुद्रा. चार.

शिवाय दाढेला कीड निघाली, ती भरून दिली. पैसे घेतले नाहीत. उपकार करून ठेवायची जुनी खोड.

रात्री ७.३०. तोंड अर्धं बधिर असतानाच प्रयोग दुसरा. माहितीनुसार बॅटरमध्ये बर्फ टाकला. तेलात सोडताच असा तडतडाट झाला की मी फ्रिजच्या आड गेलो. रिंगा मात्र अप्रतिम! खाताना काहीही जाणवलं नाही, म्हणजे दोष शून्य. चावताना एक तुकडा विशेष लुसलुशीत लागला, तो माझा गाल होता.

हिला एक दिली. ती पुष्कळ वेळ चावत राहिली आणि म्हणाली, कांदा चांगला आहे. स्तुतीची नोंद केली.

१० फेब्रुवारी, शनिवार

ग्रीसवाल्याला डबा नेला. त्याने एक रिंग दोन्ही हातांनी ताणून पाहिली, सोडली, ती पूर्ववत झाली. म्हणाला, साहेब, लिफ्टखालच्या खड्ड्यातल्या रबरी बफरला चालेल.

त्याच्याशी बोलणं बंद.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

ही फोन घेऊन आतल्या खोलीत होती. अर्धा तास. बाहेर आली ती डोळे पुसत. मेहुणीचा फोन होता.

साडूचा उजवा हात थरथरतो. चार महिने झाले. आधी त्याने कुणाला सांगितलं नाही, मग बायकोला सांगितलं आणि आणखी कुणाला न सांगायची शपथ घातली. डॉक्टर म्हणतात, हे जाणार नाही, वाढतच जाईल. दातांची कामं त्याने केव्हाच बंद केली आहेत, त्या डॉक्टरीणबाई करतात. आता क्लिनिकही त्यांनाच देऊन टाकायचं ठरलं. हात वापरता ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून चिरणं, तळणं. दिवसाचे बाकीचे तास तो खिडकीशी बसून असतो म्हणे.

मी कॅलेंडर पाहिलं. मग विचारलं, म्हणजे १८ तारखेचं रद्द का?

हिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे लिहीत नाही.

संध्याकाळी ५.००. विचार केला. हे त्याने आधी सांगायला हवं होतं. एखाद्याने आठवडाभर रक्त आटवून सुडाची तयारी करायची आणि समोरच्याने ऐन वेळी आजारी निघायचं, ही कुठली रीत? आता मी जिंकलो तर लोक म्हणणार, आजारी माणसाला हरवलं. हरलो तर म्हणणार, आजारी माणसाकडून हरला. दोन्हीकडून माझीच छी-थू. म्हणजे इथेही त्यानेच डाव साधला.

शिवाय थरथरत्या हाताने तो तशा रिंगा करतो आणि माझे दोन्ही हात ठणठणीत असून अजून जमत नाही. याचा अर्थ एकच. पदार्थ सोपा आहे, मी उगाच त्यात जास्त डोकं घालतोय.

सूड कायम. फक्त सभ्यपणे.

१५ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.५०

प्रयोग तिसरा. आज शास्त्रशुद्ध. लिफ्टच्या मोटरचं तापमान लांबून मोजायची ऑफिसची बंदूक आणली. कढईवर धरली. आकडा काही केल्या सत्तरच्या वर जाईना. म्हणून गॅस मोठा. मग आणखी मोठा. बंदूक बहुतेक कढईऐवजी मागच्या टाइल्सचं तापमान सांगत होती, पण हे कळेपर्यंत स्वयंपाकघरात मला माझाच हात दिसेनासा झाला होता.

बिल्डिंगचा अलार्म वाजला. सगळे खाली.

एक समाधान: अलार्म वाजताच लिफ्ट नियमाप्रमाणे तळमजल्यावर गेली, दार उघडलं आणि बंद पडून उभी राहिली. तपासणी माझीच, नोव्हेंबरची. सातव्या मजल्यावरच्या आजी जिना उतरून आल्या, त्यांना मी हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. दम लागला होता.

हिला विचारलं, एवढी गप्प का? ती म्हणाली, मला सांगा, त्याने तुमचं घोडं मारलंय का? मी म्हटलं, तू हसलीस. ती म्हणाली, कधी? तिला आठवतसुद्धा नाही! अकरा सेकंद!

१७ फेब्रुवारी, शनिवार

तयारी पूर्ण. कांदे कापून पाण्यात. तेल नवं. बिअर फ्रिजमध्ये सहा बाटल्या: पाच बॅटरला आणि सांडलवंडीला, एक विजयानंतर माझ्यासाठी, भाजीच्या कप्प्यात मागे लपवून.

आजपर्यंत एकही प्रयोग यशस्वी झालेला नाही. म्हणजे करण्यासारख्या चुका सगळ्या करून झाल्या. आता चुकायला जागाच उरलेली नाही.

मिठाची डबी सरकवण्याचा सराव केला. हिने बजावलंय की उद्या त्याला काही बोलायचं नाही. मी म्हटलं, मी काय लहान आहे?

१८ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६.३०

क्रमाने लिहितो.

सगळे साडेबाराला आले. घाई नको म्हणून मी बॅटर साडेदहालाच करून ठेवलं होतं. कांदे पाण्यातून काढून थेट त्यात, मग एका वेळी चौदा तेलात. वेळ वाचतो. रंग झकास आला. ताट नेऊन ठेवलं.

सगळ्यांनी एकेक उचलली. आवाज आला नाही. कुठलाच. सासूबाईंनी दातात धरून ओढली तर आतला कांदा अख्खा बाहेर आला आणि त्यांच्या हनुवटीवर लोंबायला लागला. त्यांनी विचारलं, मासा आहे का?

मग त्याची पाळी. त्याने डाव्या हाताने घेतली. उजवा टेबलाखाली. उचलताच आवरण सुटून बशीत पडलं, आणि टेबलावरचं सगळं बोलणं थांबलं. मीही थांबलो. त्याच्या जागी मी असतो तर पुढची दहा मिनिटं कुणाला बोलू दिलं नसतं.

त्याने आधी उघडा कांदा खाल्ला. मग बशीतलं आवरण खाल्लं. म्हणाला, छान शिजलाय.

बस. एवढंच.

मी वाट पाहिली. काही नाही. मिठाची डबी माझ्या हातात तशीच. ही त्याला हळू आवाजात विचारत होती, पाणी देऊ का, उशी देऊ का पाठीला. मेहुणी त्याच्या बशीतलं त्याला न विचारता बारीक करून देत होती. सासूबाईसुद्धा दबक्या आवाजात बोलत होत्या. आम्हाला सगळं कळलंय हे त्यालाही कळलं होतं, आणि तो परक्याच्या घरी आल्यासारखा, टेबलापासून लांब, अंग चोरून बसला होता. चार तारखेला मला एवढा राग आला नव्हता. एवढा अपमान तर नाहीच नाही. माझ्या रिंगा इतक्या भिकार आणि हा म्हणतो छान? मी काय कीव करण्याच्या लायकीचा आहे?

माझा आवाज चढला. मी म्हटलं, छान काय छान? डोळे फुटले का तुमचे? एवढे शहाणे आहात तर उठा, आत या आणि करून दाखवा. ही म्हणाली, अहो! मी म्हटलं, अहो काय, बसून राहायला पाय मोडलेत का त्याचे?

मेहुणीचा चेहरा पांढरा पडला. तो मात्र उठला.

आत येऊन त्याने बॅटरच्या भांड्यात पाहिलं आणि म्हणाला, फेका. थंडगार बिअर मागितली. पाच संपल्या होत्या. त्याने फ्रिज उघडला आणि भाजीच्या कप्प्यातून नेमकी सहावी काढली.

नवं बॅटर त्याने केलं. भराभर, गुठळ्या तशाच ठेवून. कांद्यांचा आतला पातळ पापुद्रा सोलून ते फडक्याने कोरडे करायला मला लावले. मग चिमट्यात रिंग धरून बुडवली आणि उचलली, आणि हात सुरू झाला. मी असा जवळून पाहिला नव्हता. बॅटर टाइल्सवर, माझ्या शर्टावर, चष्म्यावर. रिंग कढईच्या कडेवर आपटली, तेल उडालं. तो मागे सरकला. चिमटा ओट्यावर ठेवला. तो त्या हाताकडे असा बघत होता की जणू तो त्याचा नाहीच, दुसऱ्याचं कुणाचं तरी वांड पोर आहे.

मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग चिमटा उचलला आणि म्हटलं, सांगा.

त्याने सांगितलं. आधी कोरड्या मैद्यात घोळवा. आता बुडवा. निथळू द्या. एका वेळी चारच. मी पाचवी सोडायला गेलो. म्हणाला, चार. मी म्हटलं, मावते की. म्हणाला, साडूबुवा, चार! तेल थंड पडतं, नऊ तारखेला घसा कोरडा करून सांगितलं होतं, तोंड उघडं होतं तुमचं, कान नव्हते का?

आणि मग त्याचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. हा हात आहे का फावडं? रिंग सोडताय का दगड मारताय? माझ्याकडे पेशंट बेशुद्ध असतो तोही याहून शहाण्यासारखा वागतो. असा धरायचा चिमटा, असा, दाढ उपटत नाही आपण! मी पण दोन सुनावल्या. म्हटलं, उभे राहून तोंड चालवायला काय लागतं? तो म्हणाला, तेवढंच तर राहिलंय माझं, ते तरी चालवू द्या. आणि स्वतःच हसला. बाहेर ही हसली. मेहुणी दाराशी येऊन उभी राहिली, आत आली नाही, तिथूनच बघत राहिली.

मी तळत होतो, ताटं बाहेर जात होती. बाहेरून कुर्रर्र, कुर्रर्र. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, धाकट्या जावयाच्या हाताला चव आहे हो! मी चिमट्यासकट बाहेर गेलो, भाजलेला अंगठा दाखवला. त्या म्हणाल्या, हो हो, तुम्ही पण मदत केलीत.

शेवटचा घाणा काढून मी टेबलाशी आलो तेव्हा तो ऐसपैस बसून डॉक्टरीणबाईंना क्लिनिक कसं चालवायचं हे आपण कसं शिकवणार आहोत ते सांगत होता. ताटात चुरा होता.

१९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ८.१०

सूड: झाला नाही. पुढे ढकललेला नाही, रद्दही नाही. तूर्त तपशील नोंदवत नाही.

मेहुणीचा फोन आला होता. हिने घेतला. काल गाडीत तो घरापर्यंत अखंड बोलत होता म्हणे, आणि सगळं माझ्या हातांबद्दल. त्याचं मत असं की हात जड आहे, डोकं त्याहून जड, पण माणूस सांगितलेलं करतो, तेव्हा वर्षभरात काहीतरी होईल. त्याने माझ्यासाठी दर बुधवार राखून ठेवला आहे. क्लिनिक सोडल्यावर त्याला वेळच वेळ आहे.

मी हिला ठणकावून सांगितलं की प्रश्नच उद्भवत नाही. नात्याने मी थोरला. सव्वीस वर्षं सीनियर इन्स्पेक्टर. त्याच्याकडून शिकायला मी काय शिकाऊ उमेदवार आहे? ही म्हणाली, बरं, तसं कळवते. आणि खरंच फोन उचलला. मी म्हटलं, अगं, असं तोडून काय बोलायचं एकदम.

बुधवारी साडेपाच. उशीर चालणार नाही असा निरोप आहे. अॅप्रन आपला आणायचा, आणि दोन किलो कांदे. सोलून.